जागेवरून न उठता बालशिक्षण
(दोन ते सहा वयोगटातील मुलांच्या पालकांसाठी मार्गदर्शिका)

मुलाला तुम्ही हवे असता आणि तुम्हाला शांतता. या दोन मागण्यांत समेट घडवणारं साधन हल्ली प्रत्येक घरात चार्जिंगला लावलेलं असतं. ते नुसतंच मुलाच्या हातात दिलं तर लोक त्याला आळस म्हणतात. नियोजन करून दिलं तर ‘अर्ली लर्निंग’. ज्यांना पहिल्यातून दुसऱ्यात जायचं आहे, त्यांच्यासाठी या सूचना.

१. आधी नाव बदला

‘फोन दिलाय’ असं चारचौघांत कधीही म्हणू नये. ‘ऱ्हाइम्स लावल्यात’ म्हणावं. हिंदीतला डोरेमॉन लागला असेल, तर ‘तिसरी भाषा कानावर पडतेय’ असं सांगावं. पहिलीपासून हिंदी नको म्हणून २०२५ साली राज्यात रान उठलं आणि सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तोवर डोरेमॉनने बालवाडीचा अभ्यासक्रम पुरा करून टाकला होता. आता मूल ‘आई, माझी मदत कर’ म्हणतं. आपण मदत करावी, व्याकरणात पडू नये.

नावात किती ताकद असते, हे अमेरिकेने दाखवून दिलंय. तिथे तान्ह्या बाळांसाठीच्या व्हिडिओंना ‘बेबी आइन्स्टाइन’ असं नाव दिलं गेलं आणि ते धडाधड खपले. बाळं त्याने खरंच हुशार होतात का, यावर पुढे बरीच वादावादी झाली. अखेर २००९ मध्ये ते विकणाऱ्या डिस्नेने ग्राहकांना डीव्हीडीचे पैसे परत देऊ केले. तुमच्यावर ही पाळी येणार नाही. यूट्यूबवर तुम्ही दमडीही मोजलेली नाही.

२. एका तासात अख्खा दिवस बसवा

दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून जास्त पडदा पाहू नये, आणि जितका कमी तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय. एक तास पुष्कळ झाला, फक्त हिशेब जमला पाहिजे. जेवतानाचा वेळ धरायचा नाही, ते पोषण. गाडीतला धरायचा नाही, तो प्रवास. तापातला धरायचा नाही, ते औषध. आजीच्या फोनवर पाहिलेलं आजीच्या नावावर पडतं. टीव्ही तर नुसता चालू असतो, बघत कुणीच नसतं. अशा रीतीने रात्री हिशेबाला बसलात की वीस मिनिटं शिल्लक निघतात. ती झोपवताना वापरावीत.

‘यूट्यूब किड्स’ हे वेगळं अ‍ॅप मात्र घेऊ नये. त्यात टायमर लावता येतो आणि वेळ संपली की ते सरळ बंद होतं. मग मूल तुमच्याकडे येतं. त्यापेक्षा आपलंच खातं द्यावं. तिथे एकामागून एक आपोआप लागत राहतं. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की म्युच्युअल फंडाच्या सल्ल्याखाली डोळे मिचकावणारी पिवळी बस दिसेल, पण समोरच्या मॅनेजरच्या घरातही तीच धावत असल्याने कुणी काही बोलत नाही. ‘बेबी शार्क’ जानेवारी २०२२ मध्ये एक हजार कोटी वेळा पाहून झालं. तेव्हा जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्याही आत होती. वरचे दोनशे कोटी कुठून आले, हे बालवाडीतलं मूल असलेल्या घराला समजावून सांगावं लागत नाही.

३. घास भरवण्याचं तंत्र

फोन ताटापलीकडे तांब्याला टेकवून उभा करावा. गाणं सुरू झालं की तोंड आपोआप उघडतं. त्याच क्षणी वरणभात आत. आपण काय खातोय याचा मुलाला पत्ता लागता कामा नये, नाहीतर त्याला दुधी सापडेल. मधेच जाहिरात आली तर घास गालात थांबतो. घाबरू नये. मूल वरणाच्या बोटाने स्वतःच ‘स्किप’ दाबतं. त्याला अजून ‘ग’ गिरवता येत नाही, पण पाच सेकंद बिनचूक मोजता येतात.

४. गृहपाठाचं चित्रीकरण

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने ऑनलाइन शिक्षणाच्या सूचना काढल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला फार तर तीस मिनिटं, आणि तीसुद्धा पालकांशी बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. थोडक्यात, सरकारला शिकवायचं होतं तुम्हाला. पुढे शाळा उघडल्या, ऑनलाइन वर्ग आवरले, पण प्लेग्रुपचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मागे उरला. त्यावर रात्री साडेनऊला निरोप येतो: उद्या ‘यलो डे’, मुलाने पिवळ्या वस्तूची माहिती सांगतानाचा व्हिडिओ पाठवा.

कृती अशी. घरात पिवळं काय आहे ते शोधावं. लिंबू मिळतं. मुलाला खिडकीच्या पडद्यासमोर उभं करावं. दोरीवरचे वाळत घातलेले कपडे फ्रेममध्ये येत असतील तर मूल सरकवावं, कपडे नव्हे. बाबांनी फोन आडवा धरावा. आईने फोनच्या मागे उभं राहून ओठ हलवावेत. पहिल्या खेपेला मूल सगळं नीट म्हणतं, तेव्हा बाबांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला कुकर शिट्टी देतो. तिसऱ्या खेपेला मूल लिंबू चावतं. पुढची खेप आवाज चढवल्याशिवाय होत नाही, म्हणून त्या व्हिडिओतलं मूल हसत असलं तरी डोळे पाणावलेले दिसतात. तोच पाठवावा. खाली मिसचे तीन अंगठे येतात आणि इतर आयांचे ‘सो क्यूट’. मुलाने त्या दिवशी पिवळा रंग शिकला की नाही, हे विचारण्याची प्रथा नाही.

५. धोक्याच्या जागा

इंटरनेटवर सगळंच सुरक्षित आहे असं समजू नका. काही ठिकाणी गेल्यास पालकाला जागचं उठावं लागतं.

पुण्याचे अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ त्यांत सर्वांत घातक. टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी करायची, हे ते फुकट दाखवतात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घर. मूल एकदा बघतं, फोन बाजूला ठेवतं आणि तुमच्याकडे काडेपेटी मागतं. व्हॉल्व्ह ट्यूब आणायला तुम्हाला सायकलवाल्याकडे जावं लागतं. मग संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी ढिगाने आहेत, पण त्या मोठ्याने वाचून दाखवाव्या लागतात, आणि वाघाचा आवाज काढल्याशिवाय सुटका नसते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात. यात वेगळाच धोका आहे: मूल कंटाळून खेळायला जातं आणि तुम्ही वाचत बसता.

हा धोका इंटरनेटच्याही आधीचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर १९४५ पासून बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्याही बिया, पानं, शंखशिंपल्यांवर. या पद्धतीत बॅटरी उतरत नाही, त्यामुळे मूल थांबतच नाही.

६. अंतिम परीक्षा

अभ्यासकांच्या लिखाणात ‘व्हिडिओ डेफिसिट’ नावाचा एक त्रासदायक मुद्दा सारखा येतो. अगदी लहान मूल समोरच्या जिवंत माणसाकडून जितकं शिकतं, तितकं तेच पडद्यावर बघून शिकत नाही. मोठं कुणी शेजारी बसून बोलत राहिलं, तर मात्र पडदाही थोडा कामी येतो. या मार्गदर्शिकेचा सारा खटाटोप शेजारी बसणं टाळण्यासाठीच असल्याने हा मुद्दा पेन्सिलने खोडावा.

तरी निकाल वाईट लागणार नाही. एका विषयात तुमचं मूल पैकीच्या पैकी गुण मिळवेल. त्याला जेवायला हाक मारून बघा. मान वर न करता, अंगठा सरकवत, नेमक्या तुमच्या सुरात ते म्हणेल, ‘हो, आलो, पाचच मिनिटं.’ हे त्याला कुठल्याही चॅनेलने शिकवलेलं नाही. हा धडा जिवंत माणसाने, समोर बसून, रोज दिलेला आहे.

या विषयाची फी घेतली जात नाही. त्यामुळे पैसे परत मिळण्याचीही सोय नाही.