फायबर होडीचा जीर्णोद्धार : नवमालकांसाठी शास्त्रोक्त सूचना

जुनी फायबरची होडी घेण्याचा उत्तम मुहूर्त म्हणजे मे महिन्याची अखेर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या पुळणीवर ओढलेल्या, विकणारा पैशाच्या नडीत आणि होडीला नुकताच रंग दिलेला. या रंगाचे मनापासून कौतुक करावे. ताज्या रंगाखाली जुने दुखणे असते, असे हर्णैपासून मालवणपर्यंतचे जाणते तांडेल म्हणतील. नवमालकाने असल्या कुत्सित लोकांच्या नादी लागू नये.

तळ तपासायला एखादे नाणे पुरते. ठोकत जावे. टणटणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत; भदभद आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी मुरले आहे. नेमका याच वेळी विकणारा मोठमोठ्याने बोलू लागतो. त्याच्याकडे कान द्यावा, म्हणजे भदभद ऐकू येत नाही. तळावर फोड असलेच तर एखादा टोचून पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजावे की जेलकोटमधून झिरपलेल्या पाण्याने आतल्या रेझिनमध्ये बस्तान बसवले आहे.

आता भेग. ती नखाएवढीच दिसते, म्हणून लांबी भरून मोकळे व्हावे. पहिल्या मोठ्या लाटेपर्यंत ती हमखास टिकते. ज्यांना एवढी हौस पुरत नाही त्यांनी ग्राइंडर हाती घ्यावा. नवे थर जुन्याला धरायचे तर भेगेच्या कडा जाडीच्या बारापट उतरत्या घासाव्या लागतात. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या तळाला चहूबाजूंनी सुमारे ७ सेंटीमीटर. नखाएवढ्या भेगेच्या जागी ताटाएवढा खड्डा बघून घरचे विचारतील, ‘होडी दुरुस्त करतोयस की मोडतोयस?’ उत्तर देण्याच्या भरात तोंडावरचा मास्क काढू नये. काचेची भुकटी फुप्फुसाला सोसत नाही, आणि कॉलरमधून आत गेली तर रात्रभर खाज सोडत नाही.

रेझिनमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. वजनकाटा असताना अंदाजपंचे ओतणारे बहाद्दर पुष्कळ. मेच्या उन्हात त्यांचे रेझिन काचतंतूंच्या मॅटवर पोचण्याआधी डब्यातच गरम होऊन घट्ट होते, वर धूरही निघतो. एका बाबतीत मात्र थट्टा नको : कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतर.

काम जूनवर गेले तर होडीवर झाप किंवा ताडपत्री घालून आतला भाग खडखडीत वाळवणे आले. ओल्या फायबरवर चढवलेला थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. मासेमारीबंदी आणि पाऊस एकाच वेळी येतात, याबद्दल तक्रार कोणाकडे करायची हे अद्याप ठरलेले नाही.

१९४२ साली अमेरिकेतल्या ओहायोत रे ग्रीन यांनी पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंची होडी घडवली. फायबर कुजत नाही, ही सुवार्ता पुढे जगभर गेली. ती खरीच आहे. कुजते ते आतले प्लायवुड. पुष्कळ होड्यांत इंजिन ज्या मागच्या फळीवर लटकते तिच्या पोटात प्लायवुडच असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरते. इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली हलवावा. फळी लवली, तर बोल्ट आणखी आवळून समाधान मानावे. किंवा, नाइलाजच असेल तर, फळी उघडून कुजका भाग काढावा, भोके मोठी करून इपॉक्सीने भरावीत, सुकल्यावर पुन्हा पाडावीत आणि बोल्ट सीलंट लावून बसवावेत.

दोर बांधायच्या क्लीटखाली आतून जाड पट्टी द्यावी. नुसत्या स्क्रूवर बसवलेली क्लीट वाऱ्याच्या एका झटक्यात दोरासकट निघून जाते. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्यावेत. ३०४ स्वस्त पडते आणि खाऱ्या पाण्यात लवकर तांबूस होते. पाण्यातल्या ॲल्युमिनियमला स्टेनलेस भिडले की झिजते ॲल्युमिनियम. म्हणून इंजिनाच्या पायाला जस्ताचा तुकडा लावतात. तो झिजलेला दिसल्यावर दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. झिजण्याचेच पैसे त्याला दिलेले असतात.