न विचारता येणाऱ्या अपडेटरास

बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर

संगणकात लपून चालणाऱ्या अपडेटरास,

तुला नमस्कार घालत नाही. आपली ओळख सांगायची तसदी तू कधी घेतली नाहीस.

मी बिद्रीत ऑनलाइन अर्ज भरून देतो. जूनमध्ये पोरं दाखल्यांसाठी येतात आणि ब्रॉडबँड बंद पडलं की लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवावा लागतो. नेमका तेव्हा तू जागा होतोस. संगणक सुरू होतानाच तू आत येऊन बसतोस, टास्क शेड्युलरमध्ये तुझी वेळ आधीच लावलेली असते, पडद्यावर मात्र तुझा मागमूस नसतो. दिवसाचा दीड जीबी डेटा तू गुपचूप गिळतोस आणि समोर बसलेल्या पोरीच्या ओटीपीची मुदत संपते. तिची आई मजुरीचा खाडा करून आलेली असते. तो खाडा तू भरून देणार आहेस का?

बरं, तू एकटाही नाहीस. ब्राउझरचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा. विंडोजमध्ये वाय-फायवर ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजका आहे, अशी खूण करता येते. पण तुझे सगळे भाऊबंद ती पाळतीलच याचा भरवसा नाही.

तू नकोच, असं मी म्हणत नाही. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं होतं. ते न घेतलेल्या संगणकांना 12 मे रोजी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने गाठलं आणि ब्रिटनमध्ये रुग्णालयांची कामं अडली. तुझी गरज मला पुरती ठाऊक आहे, म्हणूनच तुझा राग येतो.

कारण त्याच वर्षी 27 जूनला काय झालं ते आठव. युक्रेनमधल्या असंख्य कंपन्या हिशेब आणि करासाठी ‘एमईडॉक’ हे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोर त्याच्या अपडेट सर्व्हरमध्ये घुसले आणि नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस त्यांनी तुझ्याच हातून धाडला. ग्राहकांनी तो घेतला, कारण आणणारा तू होतास. पुढे तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पसरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरात त्यांच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम बंद पडलं. हिशेबाच्या एका अपडेटपायी उरणजवळचे कंटेनर अडकले!

19 जुलै 2024 ला तर हल्लेखोरही लागला नाही. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधल्या एका सदोष फाइलने सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ती फाइल आधी थोड्या संगणकांवर धाडून पाहावी, एवढी काळजीही कुणी घेतली नव्हती.

आमच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यात उसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय आत जात नाही आणि शेतकऱ्याच्या हातात वजनाची पावती पडते. तूही वजन दाखव. किती एमबीचं आणलंस, कशासाठी आणलंस, ते मराठीत पडद्यावर लिही. ‘आत्ता नको’ म्हटलं की थांब, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर खुशाल ये. पण येत्या जूनच्या आत हे झालं पाहिजे.

बिद्रीतला एक अर्ज भरणारा