जावईबापू, गाडी आणाच!

श्री. जावईबापू, मुक्काम बर्मिंगहॅम, यांस,

घरातली गोष्ट छापून कशाला आणता, असं आमच्या सौ.चं म्हणणं. पण "कायमचे पुण्याला येतोय, गाडीही कंटेनरमधून आणतो, आपलीच तर आहे," हे तुमचं वाक्य परत येणाऱ्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणतच असतं. तेव्हा सगळ्यांचं एकदमच अभिनंदन करावं म्हटलं. माझा नोकरीचा जन्म बंदरात क्लिअरिंग एजंटाकडे गेला, त्यामुळे अधिकार थोडाफार आहे.

आधी गैरसमज काढून टाका. वापरलेली गाडी आणायला आपल्या सरकारने बंदी मुळीच घातलेली नाही. फक्त काही अटी घातल्यात. गाडी तयार होऊन तीन वर्षांच्या वर झालेली नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. दुबई-अमेरिकेच्या मंडळींचा विषय इथेच मिटला, तुम्ही नशीबवान. स्पीडोमीटर मात्र किलोमीटरचा लागतो. साहेब गेल्यावर आपण मैल सोडले, साहेबाने अजून सोडलेले नाहीत, त्याला आपण काय करणार? निदान पाच वर्षं ती रस्त्यावर धडधाकट चालेल आणि इथे तिची सर्व्हिसिंग होईल, याचीही हमी हवी. आणि उतरायचं ते मुंबई बंदरातच. समोर न्हावाशेवा दिसतं, पण वापरलेल्या गाडीला ते चालत नाही.

मग चाचणी. निघण्याआधी तिकडच्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायचंच, पण त्यावर आपला कसा विश्वास बसावा? म्हणून इथे पुन्हा तपासणी: नगरच्या व्हीआरडीईत, मध्य प्रदेशात बुधनीला, नाहीतर आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या एआरएआयच्या टेकडीवर. गंमत अशी की नियमाप्रमाणे ही चाचणी गाडी बंदरात उतरल्यावर, पण कस्टममधून सुटण्याआधी व्हायची. म्हणजे कागदोपत्री अजून देशात न आलेली तुमची गाडी घाट चढून कोथरूडला पोचलेली असेल. सकाळी टेकडीवर फिरायला येणारे तिला बघतील, तुम्हाला मात्र ती चालवता येणार नाही.

आता पैशाचं. 2025च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांवरचं मूळ शुल्क 125 टक्क्यांवरून 70वर आलं, ही बातमी तुम्हीच मला उत्साहाने पाठवली होतीत. त्याच अर्थसंकल्पात शेजारी शेती पायाभूत सुविधांचा 67.5 टक्के उपकर लागला, ती ओळ तुमच्या फॉरवर्डमध्ये नव्हती. बेरीज 137.5. पूर्वीचे 125 आणि त्यांवरचा दहा टक्के अधिभार, म्हणजे आणखी साडेबारा, मिळूनही तेवढेच होत होते. कपात करून एक पैसाही कमी न करणं ही कला आहे, तिला दाद दिलीच पाहिजे. कस्टमने गाडीची किंमत दहा लाख धरली, तर पावणेचौदा लाख शुल्क. मग या दोन्हींच्या बेरजेवर, तुमच्या मोठ्या गाडीला, 40 टक्के जीएसटी: आणखी साडेनऊ. दहा लाखांच्या गाडीवर सव्वातेवीस लाख कर भरून तुम्ही शेतीच्या गोदामांना हातभार लावणार, याचा सासरा म्हणून मला अभिमान वाटतो.

ओळख काढून माफी मिळेल म्हणता? 2003 साली तेंडुलकरांच्या फेरारीचं शुल्क सरकारने माफ केलं, तर केवढा गदारोळ झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर शुल्क फियाटने भरलं. तुमच्या नावावर तर अजून एकही शतक नाही.

त्यानंतर आरटीओत पासिंग आणि राज्याचा रोड टॅक्स. त्याचा आकडा आज सांगत नाही, सणासुदीचे दिवस आहेत.

एक पळवाट आहे. पर्यटकाची गाडी कार्ने नावाच्या कागदावर शुल्क न भरता येऊ शकते. सहा महिने राहायचं आणि परत जायचं, अगदी जावयासारखं. पण तुम्ही तर कायमचे येताय.

तेव्हा गाडी तिथेच विका. टीव्ही, वॉशिंग मशीन असलं घरसामान आणा. मुक्काम हलवून परतणाऱ्यांना त्यावर सवलत आहे. सासूबाईंनी डिशवॉशरसाठी ओट्याखालची जागा मोजून ठेवली आहे: रुंदी 60 सेंटिमीटर, त्यापेक्षा मोठा नको.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सासरेबुवा