फांदीकाका

आमच्या बागवाल्यांच्या टोळीत कुणाला आडनाव नाही. माझ्या फोनमध्ये ‘कढीपत्ता काकू’ आहेत, ‘अडेनियम’ आहेत, ‘बॉटनी बाई’ आहेत आणि एक ‘पिठ्या ढेकूण’सुद्धा आहेत. हे शेवटचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन. पण एका फाल्गुनात त्यांच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला आणि त्यांनी प्रेमानं वाटलेल्या फांद्यांवर बसून तो महिन्याभरात सहकारनगरहून कोथरूडला पोचला. तेव्हापासून त्यांचं पाळण्यातलं नाव मागं पडलं. त्यांचा फोन आला की बायको आतून ओरडते, ‘अहो, ढेकूण आलेत!’ आणि घरी नवा पाहुणा असला तर तो खुर्चीवरून उठून उभा राहतो.

फांदीकाकांना ‘फांदीकाका’ कोण म्हणालं ते मात्र कुणालाच आठवत नाही. काकांच्या शबनममध्ये एक छोटी कात्री, ओलं फडकं, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या आणि दोन-चार रबरबँडं कायम असतात. लग्नाला गेले तर आहेर देऊन फांदी आणतात. बारशाला गेले तर पाळण्यात डोकावण्याआधी गॅलरीत डोकावतात. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला गेले आणि येताना सोनटक्क्याचा कंद घेऊन आले. ‘गेलेल्या माणसाच्या हातचा आहे,’ म्हणाले, ‘कुणीतरी सांभाळायला नको का?’ जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, त्या दिवशी काकू त्यांना शबनम घरी ठेवायला लावतात. तरी काका हातरुमाल दोन नेतात.

काका फांदी मागत नाहीत, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. ते झाडासमोर उभे राहतात आणि ‘वा!’ म्हणतात. मग गप्प. थोड्या वेळानं दुसरा ‘वा’ येतो, जरा खालच्या पट्टीत, एखादी जुनी आठवण दाटून आल्यासारखा. तिसऱ्याला घरमालक स्वतःच कात्री शोधायला लागतो. मनीप्लांट तेवढा ते न विचारता घेतात, कारण तो चोरून आणला तरच लागतो हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. एकदा मी त्यांना आग्रहानं मनीप्लांट देऊ केला तर म्हणाले, ‘असा नको. तुम्ही जरा आत जा बघू.’

नोकरी पाटबंधारे खात्यात, 36 वर्षं. त्यामुळे गच्चीवर पाणी घालणं हा शब्दप्रयोग तिथं चालत नाही. तिथं आवर्तन सुटतं. कठड्याकडच्या कुंड्या म्हणजे डावा कालवा, टाकीकडच्या म्हणजे उजवा. चैत्र लागला, ऊन तापलं, हिरवी जाळी बांधून झाली की काका सकाळी साडेसहाला झारी घेऊन उभे राहतात आणि जिन्यात तोंड घालून खाली काकूंना कळवतात, ‘उजव्याला सोडलंय गं!’ काकू खालून म्हणतात, ‘बरं.’ गेली कितीतरी वर्षं त्या हे ‘बरं’ म्हणतायत. आमच्यापैकी कुणाच्या कुंडीत चिखल दिसला की काका खांद्यावर हात ठेवून हळूच सांगतात, ‘तुमचा विसर्ग जास्त होतोय.’

पण काकांची खरी गंमत फांदी घेण्यात नाही, देण्यात आहे. त्यांच्याकडे फांदी सुटी मिळत नाही, गोष्टीसकटच मिळते. अबोली हवी असेल तर त्यांच्या दोन आत्या ऐकाव्या लागतात. एकाच वाड्यात समोरासमोर राहून दोघी 11 वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत, मात्र रोज संध्याकाळी मधल्या भिंतीवर एकीनं दुसरीसाठी अबोलीचा गजरा ठेवायचा आणि दुसरीनं तो घालून हिच्या समोरून मिरवत जायचं, असा क्रम कधी चुकला नाही. गवती चहा हवा असेल तर नागपूरचे मामा. ते आठ दिवसांसाठी आले आणि चार वर्षं राहिले. त्यांनी आणलेला गवती चहाही कुंडीत तसाच वागतो. एकटा पानांचा ओवा असा आहे, की काका तो चटकन मोडून देतात आणि गोष्ट सांगत नाहीत. ‘याची काही गोष्ट नाही?’ म्हणून मी एकदा विचारलं. तर काका म्हणाले, ‘नाही. तो हिच्याकडचा.’

आणि या सगळ्या गोताचा मूळपुरुष म्हणजे आजीचा मोगरा.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. काका तेव्हा 8 वर्षांचे, वाडा शनिवारात. लोक मिळेल ते घेऊन पळत होते. कुणी दागिन्यांचा डबा, कुणी देव, कुणी शिवणयंत्र. काकांच्या आजीनं अंगणातली मोगऱ्याची कुंडी कडेवर घेतली आणि नातवाला म्हणाली, ‘तू चाल.’ पाणी ओसरलं, पण धरणच वाहून गेलेलं, त्यामुळे पुढं कितीतरी दिवस शहरात पाण्याचे हाल. त्या दिवसांत आजीनं तांदळाचं धुवण या मोगऱ्याला घातलं आणि नातवाची आंघोळ बंद ठेवली. काका पुढं पाटबंधारे खात्यात लागले ते धरणांच्या काळजीनं की त्या राहिलेल्या आंघोळींपायी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ही गोष्ट आम्ही दर चैत्रात ऐकतो आणि दर चैत्रात पाण्याची पातळी वाढते. अडेनियम हिशेबी माणूस, त्यांनी टिपण ठेवलंय. 2012 साली पाणी वाड्याच्या उंबऱ्याला लागलं होतं. 2017 साली ते जिन्याच्या पाचव्या पायरीवर होतं. गेल्या वर्षी माळ्यावरची पिंपं तरंगली. याच वेगानं गेलं तर 2030 पर्यंत पर्वतीच्या देवाचे पाय भिजतील, असं बॉटनी बाईंचं मत आहे.

त्या मोगऱ्याची कलमं काकांनी आम्हा सर्वांना दिली. ‘दिली’ म्हणजे कशी, तर लेक दिल्यासारखी. स्वतः पाडव्याला गेरू लावलेल्या कुंडीत, स्वतः रिक्षानं आणून. मग वर्षातून दोनदा विचारपूस. काका येतात, चहा बाजूला ठेवतात, मातीत करंगळी खुपसतात, पान उलटं करून बघतात आणि आपल्याकडे अशा नजरेनं पाहतात की आपण तिला जेवायला घालतो की नाही याचा खुलासा करावासा वाटतो. माघात मोगऱ्याची पानं ओरबाडून, पाणी तोडून त्याला ताण द्यायचा आणि मग खत घालायचं, म्हणजे चैत्रात कळ्या लगडतात. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की माघात आम्हालाच ताण येतो. माझ्याकडे मात्र ते नेहमी खूश असायचे. ते येत त्या सकाळी माझ्या मोगऱ्यावर एकही कळी शिल्लक नसे. सगळ्या खुडून देवाला गेलेल्या असत. ‘याला म्हणतात संस्कार,’ काका बाकीच्यांना सांगत.

यंदा चैत्रगौरीला आम्ही नेहमीप्रमाणे काकांच्या गच्चीवर जमलो होतो. हळदीकुंकू बायकांचं, पण कैरीची डाळ सगळ्यांची. कोपऱ्यात जीवामृताचं पिंप झाकून ठेवलेलं होतं आणि त्याच्या वासाबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. जीवामृताचं मूळ माप शेतकऱ्यांचं: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन. काकांनी त्रैराशिक मांडून ते 20 लिटरवर आणलं, तरी 200 ग्रॅम बेसन लागतंच. ‘परवा भजी करायला डबा उघडला तर रिकामा,’ काकू डाळ वाढताना म्हणाल्या. ‘झाडांनी भजी खाल्लीन्.’

काकांचा पूर जिन्याच्या वळणापर्यंत आला होता. आजी कुंडी कडेवर घेऊन उभी होती. ‘आणि त्या मोगऱ्याच्या मुलीची मुलगी ही,’ असं म्हणून काकांनी नेहमीसारखा कुंडीकडे हात केला. बॉटनी बाई आयुष्यभर कॉलेजात शिकवलेल्या. चुकीचं विधान त्यांच्या घशाखाली डाळीबरोबरसुद्धा उतरत नाही.

‘मुलगी नव्हे हो,’ त्या म्हणाल्या. ‘आपला मोगरा सहसा बी धरत नाही. फांदी लावतात, नाहीतर दाब कलम करतात. म्हणजे हे त्याचं मूल नाही. तेच झाड आहे. तुमच्या आजीनं कडेवर घेतलं ना, ते हेच.’

काका बोलायचे थांबले. मी त्यांना इतक्या वर्षांत गोष्टीच्या मध्ये थांबलेलं पाहिलं नव्हतं. ‘हेच?’ त्यांनी विचारलं.

‘हेच.’

काका उठले, त्यांनी पायातल्या सपाता काढल्या आणि जाऊन कुंडीला हात लावला. खालच्या कडुनिंबावर कोकीळ ओरडत होता, तोच काय तो आवाज. पिठ्या ढेकूण चष्मा पुसू लागले. काकूंच्या हातातला डाळीचा डाव तसाच वर राहिला, आणि मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू एकट्याच आमच्याकडे आल्या. हातात पन्ह्याची बाटली. बसल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम म्हणाल्या, ‘तो मोगरा आजींचा नाही.’

2019 च्या मे महिन्यात काका 9 दिवस बेळगावला भावाकडे गेले होते. जाताना आवर्तनाचा तक्ता लिहून दिला होता, डावा कालवा, उजवा कालवा, वारांसकट. तो कागद काकूंनी वाणसामानाच्या यादीबरोबर दुकानात दिला. काका परत यायच्या आदल्या दिवशी त्या गच्चीवर गेल्या तर मोगऱ्याची काडी झालेली. ‘मग एक सुकलेलं फूल रुमालात गुंडाळलं आणि चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पाकळ्या मोजून मोजून जुळता बघितला. 80 रुपये दिले. इतकी वर्षं मला काही वाटलं नाही हो. मोगरा तो मोगरा. पण परवा यांनी सपाता काढल्या…’

मी गप्प.

‘तुमच्याकडचा 2012 चा ना? तो खरा. आणि तुम्ही तर रोज देवाला वाहता. कुंडीची कुंडी बदलू या. उद्या हे पेन्शनच्या कामाला जाणार आहेत.’

आता सांगायला हवं होतं. पण इतक्या विश्वासानं माझ्याकडे फार थोड्या माणसांनी पाहिलंय. माझा मोगरा 2015 च्या उन्हाळ्यातच गेला. काकूंनी निदान फूल जुळवून आणलं. मी नर्सरीत लांबूनच बोट दाखवून ‘तो द्या’ म्हणालो होतो आणि रिकाम्या कुंडीत खोचून मोकळा झालो होतो. पुढं कळ्या आल्या त्या लांबट, टोकदार. मदनबाण. काकांचा बटमोगरा, गोल गरगरीत. त्या दिवसापासून आमच्या घरात ही भक्ती सुरू झाली.

काकू गेल्यावर मी कढीपत्ता काकूंना फोन लावला. म्हटलं, काकांनी दिलेल्या मोगऱ्याचं एखादं कलम मिळेल का? पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ अडेनियम म्हणाले, ‘तसा आहे, पण तो नाहीये.’ पिठ्या ढेकणांकडचा कशानं गेला हे मी विचारलं नाही. बॉटनी बाईंना तर फोनच केला नाही, त्यांनी खरं सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी आणि काकू रिक्षात. दोन्ही कुंड्या एकाच कुंभाराच्या, दोन्हींना काकांच्याच हातचा गेरू, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. कळ्या तेवढ्या मी घरून निघताना खुडल्या होत्या. स्वारगेटच्या पुढं खड्डा आला, कुंडी माझ्या मांडीवरून निसटू लागली, तशा काकू ओरडल्या, ‘अहो, कडेवर घ्या, कडेवर!’ रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि गाडी हळू केली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रविवारी काकांचा निरोप आला: आजीचा मोगरा फुललाय, सगळ्यांनी यायचं. मी ताप आल्याचं सांगून पाहिलं. काका म्हणाले, गवती चहा देतो, या.

गच्चीवर सगळे होते आणि सगळेच जरा कडेकडेनं बसले होते. मोगरा लगडला होता. पांढऱ्याशुभ्र, लांबसडक, टोकदार कळ्या. झाकायला काही वाव नव्हता. बॉटनी बाईंनी चष्मा खाली घेऊन पाहिलं, मग वर घेऊन पाहिलं. काकूंनी एकदा कळ्यांकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे, आणि त्या एका नजरेत माझी सगळी देवपूजा उघडी पडली.

काकांनी एक कळी तोडली. तळहातावर ठेवली. बोटानं उलटीपालटी केली, वास घेतला, पुन्हा बघितली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हाचा कवडसा जाळीतून त्यांच्या हातावर आला होता. मग त्यांनी आम्हा एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, कढीपत्ता काकूंपासून माझ्यापर्यंत, अगदी सावकाश, डावा कालवा, उजवा कालवा.

‘हा आजीच्या थोरल्या बहिणीवर गेलाय,’ काका म्हणाले. ‘ती नाकेली होती.’

बॉटनी बाईंनी तोंड उघडलं. मग पन्ह्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावला.

‘बसा सगळे,’ काका म्हणाले. ‘पूर आला तेव्हा ती नारायण पेठेत होती.’