लॅरीचे १३२ उल्लेख

२०२४ साली लॅरी नावाच्या मांजराच्या खात्यावर गूगल स्कॉलरमध्ये १२ शोधनिबंध आणि १३२ उल्लेख जमा झाले. दोन संशोधकांनी अर्थहीन निबंध रचून ही करामत मुद्दाम केली. लॅरीने तेवढ्या काळात बहुधा झोप काढली. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये उल्लेखांची सूची काढली, ती कोणाचा विचार कुठवर पोचला हे शोधण्यासाठी. विद्यापीठांनी तिच्यावरून बढत्या द्यायला सुरुवात केली. मग बनावट निबंधांचे पीक आले, आणि २०२३ मध्ये एकट्या हिंदावी प्रकाशनाला ८ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. तोवर त्या निबंधांनी संशोधनाच्या आकडेवारीत कुठल्या ना कुठल्या देशाची उंची वाढवली होतीच.

मोजमाप सोडले तर वशिलेबाजी बोकाळेल, हा आक्षेप रास्त आहे. पण वशिला संपला कुठे? ‘तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो’ हे ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ आता दशांश चिन्हासकट छापले जाते, एवढेच. आकड्यांनी कुठे पाहायचे ते खुशाल सांगावे; तिथे काय आहे हे कळायला निबंध वाचावाच लागतो. चीनने २०२० मध्ये निबंधामागे रोख बक्षीस देणे बंद करायला सांगितले. वाचणाऱ्याला बक्षीस देण्याची टूम मात्र अजून कुठे निघाल्याचे ऐकिवात नाही.