2700 केल्विन, मुक्काम अंबड

आमच्या अंबडमध्ये पिवळ्या उजेडाला मान दोनच ठिकाणी: नवरात्रात घटापुढं आणि लग्नाच्या मांडवात. बाकी कुठंही पिवळा उजेड दिसला की होल्टेज कमी आहे, असं समजायचं. आमच्या भागातली जुनी संध्याकाळ ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे सांगायला नको. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला साठचा बल्ब आधी पिवळा पडायचा, मग तांबडा व्हायचा आणि शेवटी आतल्या तारेचे वेढे मोजून घ्या म्हणायचा. त्या उजेडात पाढे पाठ केलेला माणूस मोठेपणी घर बांधतो, तेव्हा त्याला फरशी कुठलीही चालते, उजेड मात्र लख्ख लागतो. वास्तुशांतीला आलेले पाहुणेही भिंती बघत नाहीत. मान वर करून म्हणतात, "काय उजेड पाडलाय राव!"

अशा गावात मी स्वतःच्या पैशानं पिवळा बल्ब विकत आणायचं ठरवलं.

कारण अर्थातच झोप. पन्नाशीनंतर तिचं आणि माझं बिनसलं. साडेदहाला अंग टाकावं, तर घराचा हप्ता, मुलीची नीट, कॉलेजात असताना एकाला उसने दिलेले दोनशे रुपये, अशी जुनीनवी मंडळी उशाशी येऊन बसत. संभाजीनगरला घाटीच्या मेडिकल कॉलेजात शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. त्यानं नाडी वगैरे काही पाहिली नाही. छताकडं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हा 6500 चा बल्ब आहे. तुम्ही रात्री दहाला भर दुपार लावून बसता, आणि वर झोप येत नाही म्हणता."

मग त्यानं सगळं शास्त्र उलगडून सांगितलं. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघण्यापेक्षा दिवस आहे की रात्र, याचीच जास्त चौकशी करतात. 2002 साली शास्त्रज्ञांना त्यांचा नीट पत्ता लागला. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते सगळ्यात जास्त भुलतं निळ्या उजेडाला, 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या. निळा दिसला की या पेशी मेंदूला कळवतात, अजून दिवस आहे. मग मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन सोडायचं लांबणीवर टाकते. मेलॅटोनिन म्हणजे शरीरातली रात्र झाल्याची दवंडी. ती पिटलीच नाही, तर झोपेला कळणार कसं?

"पण आमचा बल्ब पांढरा आहे, निळा कुठाय?" मी हुशारी केली.

"पांढऱ्याच्या पोटात निळाच असतो, मामा." एलईडीच्या बल्बमधला तुकडा मुळात निळा उजेड देतो. त्यावर पिवळ्या पावडरीचा लेप असतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा तुकडा साधायला इतका अवघड होता की तो करून दाखवणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2015 मध्ये, आपल्याकडं उजाला योजना आली. तीन-साडेतीनशेचा बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांत मिळू लागला आणि देशभर असे 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. विजेची बिलं उतरली, हे खरंच. स्टॉकहोमचं नोबेल वर्ष-दोन वर्षांत आमच्या न्हाणीघरापर्यंत पोचलं, हेही काही थोडं नाही.

दुकानात गेलो. "पिवळा एलईडी द्या."

"मांडवाचं काम आहे का सर?"

"नाही, झोपायच्या खोलीला पाहिजे."

दुकानदारानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. मग फळीच्या पार मागून धूळ झटकत एक खोकं काढलं. त्यावर 2700 के असं छापलेलं. "हे के म्हणजे काय हो?" मी मुद्दाम विचारलं. "के म्हंजे हजार," तो म्हणाला, "पण किंमत तेवढी नाही, घाबरू नका."

घरी खोक्यावरचं 'वॉर्म' वाचून बायको म्हणाली, "अहो, मे महिन्यात वॉर्म काय आणलंत? कूलर पुरेना इथं." तिला समजावताना माझीच दमछाक झाली, कारण यातलं गणित उलटं आहे. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, आणखी तापलं की पिवळं आणि त्याहून तापलं की पांढरं. म्हणून मेणबत्तीचा उजेड 1900 केल्विनच्या आसपास, जुन्या तारेच्या बल्बचा 2700 आणि भर दिवसाचा 6500. ज्याला आपण उबदार म्हणतो तो उजेड केल्विनच्या हिशेबात थंड. हे ऐकून तिनं मान डोलावली आणि कूलरमध्ये आणखी एक बादली पाणी ओतलं.

आता कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. झोपेवरच्या माहितीत नेहमी एक माणूस, एक पलंग आणि एक दिवा असतो. आमच्याकडं उन्हाळ्यात कूलर ज्या खोलीत, घर त्या खोलीत. त्यामुळं नवा बल्ब लागला तो माझ्या एकट्याच्या झोपेवर नाही, सगळ्या बिऱ्हाडावर.

पहिली हरकत आईची. "सगळे कावीळ झाल्यावानी दिसायला लागले. आणि डाळीतले खडे दिसंनात." तिनं ताट बाजूला सारलं आणि वाती वळायला घेतल्या. त्याला उजेड लागत नाही, बोटांना पाठ आहे. बायकोनं साडीला फॉल लावायला घेतला. सकाळी अंगणात साडी उलगडली, तर निळ्या साडीला काळा दोरा! तेव्हापासून सुईदोरा रात्रीचा बंद. मुलीचं दुःख सगळ्यात शास्त्रीय होतं. तिनं फिजिक्सच्या वहीत महत्त्वाचं तेवढं पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं. पिवळ्या उजेडात ते सगळं पुसल्यासारखं नाहीसं झालं. "बाबा, आता यात काहीच महत्त्वाचं उरलं नाही," असं म्हणून तिनं वही मिटली. समोरच्या घरातले काका तर फाटकापर्यंत येऊन गेले. "तुमचा एक फेज गेलाय का? लाइनमनला फोन लावू?"

आणि मग एक गंमत झाली. सव्वादहाला घर चिडीचूप.

भाच्याच्या दृष्टीनं हा मेलॅटोनिनचा विजय होता. मला तसं वाटलं नाही. मेलॅनॉप्सिननं काय केलं ते त्याचं त्याला माहीत. माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते इतकंच, की त्या उजेडात कुणाला काही करताच येईना. पिवळा दिवा झोप आणत नाही, तो काम बंद पाडतो. काम बंद पडलं की मराठी माणूस थोडा वेळ कुरकुरतो, मग आडवा होतो. कंदिलाच्या काळात आजी-आजोबा आठाला झोपत, त्याचं आपण फार कौतुक करतो. पण कंदिलाखाली ते दुसरं करणार तरी काय? रॉकेल जळत होतं! पांढऱ्या बल्बनं आपल्याला रात्रीची जादा पाळी दिली. तिच्यात आपण डाळ निवडली, फॉल लावले, नीटची तयारी केली, आणि तरी सकाळी आणखी कामं उरलेलीच.

शास्त्रही रंगाइतकंच मंदपणाला महत्त्व देतं. 2022 मध्ये या विषयातल्या जाणत्यांनी मिळून एक शिफारस केली: डोळ्यांपर्यंत पोचणारा, या पेशींच्या हिशेबानं मोजलेला उजेड दिवसा किमान 250 लक्स असावा, झोपेआधीचे तीन तास 10 लक्सच्या आत आणि झोपेत 1 लक्सच्या आत. यातला पहिला भाग अंबडला अगदीच सोपा. उन्हाळ्यात मत्स्योदरी देवीच्या देवळाच्या पायऱ्या दुपारी चढून बघा, 250 च्या कितीतरी पट उंबरठ्यावरच मिळतात. खाली उतरून सावलीत बसल्यावरसुद्धा हिशेब पुरा होऊन वर उरतो.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं चुलतभावाला सांगितलं. त्याची मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण बागेला पाणी द्यायला थ्री फेज लाईट लागते आणि ती पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की हा डोक्याला बॅटरी बांधून विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जातो. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. त्याच्या फीडरचा नंबर कधी लागतो, याकडं त्याचे डोळे लागलेत. त्यानं माझं केल्विनपुराण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, तुझ्या दिव्याचा रंग भारीच. पण आमची झोप फीडरला जोडलेली आहे. तिथं कोणता बल्ब लावू, ते भाच्याला विचार."

भाच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं तर नाहीच. मी चहा पुढं केला.

राहता राहिला तो 1 लक्सचा नियम, म्हणजे झोपताना दिवा बंद. इथं मात्र शास्त्राची आणि आमच्या घराची गाठ सुटत नाही. आडवं झाल्यावर उठून बटण कुणी दाबायचं? सगळे डोळे मिटून पडलेले असतात. त्यातले निम्मे जागे आहेत हे प्रत्येकाला माहीत असतं, पण जो हलेल त्यालाच उठावं लागेल म्हणून कुणी कूससुद्धा बदलत नाही. शेवटी आईचा आवाज येतो, "तो जागाच असंल की. त्यालाच उठू दे." ज्याला झोप येत नाही त्यानंच दिवा बंद करायचा, हा घराचा कायदा. मी उठतो, अंधारात कूलरच्या बादलीला पाय लावतो आणि परत येईपर्यंत टक्क जागा झालेलो असतो. तोवर बाकीचे खरोखर झोपलेले.

यावर तोडगा म्हणून भाच्यानं रिमोटवर चालणारा बल्ब सुचवलाय. सगळ्यांना पसंत आहे. फक्त रिमोट कुणाच्या उशाशी राहणार, यावर अजून एकमत होत नाही. या प्रश्नावर रोज रात्री जेवणं झाल्यावर सविस्तर चर्चा होते आणि ती बारा-साडेबारापर्यंत चांगली रंगते.