पार्ट बंद, व्हिजिट चार्ज चालू

प्रति,
माननीय प्रमुख, अधिकृत सेवा केंद्र
(कंपनीचं नाव मुद्दाम गाळलं आहे. वॉरंटीच्या अटींसारखं तेही बारीक टायपात छापता आलं असतं.)



दिवाळीच्या तोंडावर, नानकटाईचं पीठ मळून तयार असताना आमच्या ओव्हनच्या पॅनेलवरचे आकडे मिणमिणू लागले. पंखा फिरे, आत रिले टकटक करी, पण कॉइल तापेना. आपण माणूस पाठवलात, त्याबद्दल आभार. त्याने मागचं झाकणही न उघडता निकाल दिला: ‘बोर्ड गेलाय. पार्ट बंद झालाय. नवीन घ्या.’ नाडी न बघता मृत्यूचा दाखला! पार्ट बंद झाला, व्हिजिट चार्ज तेवढा बंद झालेला नाही.

‘पार्ट बंद’ हे आपण बोईसरकरांना ऐकवता, याचं विशेष कौतुक वाटतं. इथून हाकेच्या अंतरावर तारापूरला अमेरिकनांनी बांधून दिलेल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासून वीज देऊ लागल्या. 1974 ला पोखरणचा स्फोट झाला आणि देणाऱ्यांनी हात आखडले. आपल्या माणसांनी लागेल ते इथेच घडवलं, पुढे इंधन फ्रान्सकडून आणलं, प्रत्येकीची क्षमता 210 मेगावॉटवरून 160 वर उतरवली, पण भट्ट्या चालवल्या. ‘एक्सचेंज ऑफर चालू आहे, जुनी देऊन टाका’ असं सुचवणारा आपल्यासारखा हितचिंतक तेव्हा त्यांना लाभला नाही, हे देशाचं भाग्य.

ओव्हन शेवटी एमआयडीसीतल्या कारखान्यांचे ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेला. त्याने प्लग काढून ठेवला, मीटर लावला. तापमानाचा सेन्सर अकराशे ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. कॉइल ठीक, थर्मल कटआउट ठीक. रिलेही शाबूत, पुरेसा व्होल्टेज मिळत नव्हता म्हणून बिचारा टकटकत होता. बोर्डावरचा एक कपॅसिटर मात्र डोक्यावर फुगलेला. त्यावर उष्णता सोसण्याची मर्यादा लिहिली होती: 85 अंश.

साहेब, 85 अंश! दोनशे अंशांवर तापणाऱ्या पेटीच्या डोक्यावर जो बोर्ड बसतो, त्यात 85 अंशांचा कपॅसिटर? तोच 105 अंशांचा मिळतो. भावातला फरक किरकोळ, आणि दहा अंशांमागे आयुष्य साधारण दुपटीने वाढतं. हे तुमच्या डिझाइनवाल्यांना ठाऊक नसेल, असं मी मानत नाही. त्यांनी ओव्हनच्या मरणाची तारीख आत सोल्डर करून पाठवली आणि दुरुस्तीची वेळ आली तेव्हा बोर्डच बंद केला. याला धंदा म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

मात्र रागाच्या भरात आपल्यावर अन्याय नको. सर्किटचा नकाशा कंपनी आपल्यालाही देत नाही. सुटा कपॅसिटर बदलला तर आपल्याला मिळणार काय? विक्रीचं टार्गेट तेवढं दर महिन्याला येतं. आपला तो पोरगा विरारहून लोकलने उभा राहून आला होता. जाताना बूट घालता घालता हळूच म्हणाला, ‘काका, बाहेर दाखवा, होईल.’ त्याचं नाव मी सांगणार नाही. आपणही विचारू नका.

2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं. आपल्या कंपनीने ते जरूर पाहावं. पूर्वी रेडिओच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. तेवढा एक कागद छापला तरी पुरे.

आणि वाचकहो, ‘पार्ट मिळत नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते सही-शिक्क्यानिशी लेखी मागा.

आपला,
एक जुना ओव्हनधारक, बोईसर